‘अठरा पूर्ण झाली, आता त्याची मर्जी’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : शाळेत असताना ज्याने सिगारेटला हात लावला नाही तो मुलगा सुटला, त्यानंतर कोणी ओढायला लागलाच, तर तो सगळे कळून-सवरून, स्वतःच्या मर्जीने ओढतो, नाइट शिफ्ट आणि टार्गेटच्या ताणात दिवसाला दोन-तीन सिगारेटी ओढल्याने काही बिघडत नाही, व्हेप (ई-सिगारेट) घेतला तर तेवढेही नाही, लग्न झाले की सवय आपोआप सुटते, तेव्हा आई-वडील, कॉलेज आणि कंपनी यांनी यात लक्ष घालू नये. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत मुलांवर जीव असलेले पालकच अधिक आहेत, आणि म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

शाळा संपली की धोका टळला, हे पहिले विधान. त्याला काही आधार आहे हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २०१२ च्या अहवालानुसार रोज सिगारेट ओढणाऱ्या दर दहा प्रौढांपैकी जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट अठरा वर्षांच्या आत ओढलेली होती. परंतु त्याच अहवालात असेही आहे की सव्विसाव्या वर्षापर्यंत हे प्रमाण ९९ टक्क्यांवर जाते, म्हणजे धोक्याचा काळ शाळेच्या निरोपसमारंभाला संपत नाही, तो पंचविशीपर्यंत चालतो. शिवाय शाळेत एखाद-दुसरा झुरका मारून पाहणे आणि रोज ओढू लागणे यांत पुष्कळदा काही वर्षे जातात, आणि ती वर्षे कॉलेजची व पहिल्या नोकरीची असतात. अमेरिकेत अठरा ते तेवीस या वयात सुरुवात करणाऱ्यांचा वाटा २००२ ते २०१८ या काळात दुपटीहून अधिक वाढला. आपल्याकडे २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तंबाखू सुरू करण्याचे सरासरी वय १८.९ वर्षे निघाले. सरासरीच अठराच्या पुढे असेल, तर आपण नेमके जेव्हा निर्धास्त होतो तेव्हाच पुष्कळांची सुरुवात होत असते.

‘स्वतःच्या मर्जीने ओढतो’ हे दुसरे विधान सर्वांत अधिक दिशाभूल करणारे आहे, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ऐरोलीत, महापे-घणसोलीच्या पट्ट्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये एखाद्या मोठ्या कार्यालयाच्या गेटाबाहेर दुपारी चारच्या सुमारास उभे राहून पाहावे. चहाच्या टपरीला लागूनच पानाची टपरी असते, तिच्या पत्र्याला दोरीने बांधलेला लायटर लोंबत असतो, आणि तोंडाचा वास लपवण्यासाठी लागणाऱ्या पुदिन्याच्या गोळ्यांची बरणीही तिथेच मांडलेली असते. नुकताच रुजू झालेला बावीस वर्षांचा मुलगा टीमबरोबर खाली उतरतो. त्याच्या हातात फक्त कटिंग असते. टीम लीडर एक सिगारेट पेटवतो, आणि नव्या प्रोजेक्टवर कोणाला घेणार, कोणी राजीनामा टाकला, अप्रेझलचे काय चालले आहे हे सारे बोलणे पुढची सात-आठ मिनिटे त्या धुरातच होते. चहा तर दोन मिनिटांत संपतो. मग एकट्याने वर जायचे की हातात काही नसताना अवघडून उभे राहायचे, हा प्रश्न त्या मुलापुढे रोज येतो, आणि एके दिवशी कोणीतरी अर्धी ओढलेली सिगारेट पुढे करतो. इथे बळजबरी कोणीही केलेली नाही, तरी याला मोकळ्या मनाने केलेली निवड म्हणता येणार नाही.

या सुरुवातीला सुटी सिगारेट फार मदत करते. अख्खे पाकीट विकत घेणे हा एक निर्णय असतो आणि त्याला बरे पैसे पडतात. सुटी सिगारेट चहाच्या सुट्या पैशांत बसते. पाकिटाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा व्यापणारा सचित्र इशारा २०१६ पासून सक्तीचा आहे, पण सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. हे ओळखूनच महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तिची अंमलबजावणी किती होते, हे कोणत्याही टपरीवर दोन मिनिटांत दिसते.

आणि मर्जीच्या या गोष्टीमागे तंबाखू उद्योगाचा विचार किती जुना आहे तेही पाहावे. अमेरिकेतल्या खटल्यांमुळे तिथल्या तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांत आर. जे. रेनॉल्ड्स या कंपनीचा १९८४ चा एक अहवाल आहे, ज्यात सोडून गेलेल्या आणि मरण पावलेल्या गिऱ्हाइकांची जागा भरून काढण्याचा एकमेव मार्ग म्हणजे तरुण प्रौढ, असे स्वच्छ मांडलेले आहे. ज्या वयाला आपण ‘आता तो मोठा झाला’ असे म्हणून सोडून देतो, त्याच वयावर विक्री करणाऱ्यांचे लक्ष असते. पहिल्या झुरक्याला घसा धरू नये म्हणून मेन्थॉलचा गारवा देणाऱ्या सिगारेटी नवशिक्यालाच सोप्या पडतात.

‘सगळेच ओढतात’ अशी या वयात एक समजूत होते, तीही खरी नाही. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के, आणि पुरुषांपैकी ६ टक्के, धूम्रपान करणारे आढळले. (खाण्याच्या तंबाखूचे प्रमाण याहून फार मोठे आहे आणि तो प्रश्न अधिक गंभीर आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.) टपरीपाशी उभा असलेला मुलगा टपरीवर आलेल्यांनाच मोजतो, वर डेस्कवर बसून राहिलेले त्याच्या हिशेबात येत नाहीत.

आता ताणाविषयी. तंबाखूतले व्यसन जडवणारे निकोटिन झुरक्याबरोबर दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. सवय जडलेल्या माणसाला मग चुळबुळ, चिडचिड, एकाग्रता न होणे असा त्रास सुरू होतो आणि पुढच्या सिगारेटने तो थांबतो. आधीच्या सिगारेटने निर्माण केलेली अस्वस्थता पुढचीने शमते, आणि आपण त्याला कामाचा ताण हलका झाला असे समजतो. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; त्यात सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले दिसले.

नाइट शिफ्टचा ताण मात्र खरा आहे, आणि तो नाकारून मुलांशी बोलण्यात अर्थ नाही. पहाटे कंपनीच्या कॅबने घोडबंदर रोडला किंवा खारघरला परतणाऱ्या मुलांची झोप मोडलेली असते, जेवणाच्या वेळा राहिलेल्या नसतात. त्यात आणखी एक गोष्ट मला फार खटकते. ‘एक मारून येतो’ म्हणून उठणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणणाऱ्याकडे वळून पाहिले जाते. विश्रांती मिळवण्यासाठी सिगारेट हे मान्य कारण ठरत असेल, तर कंपनीने ती विश्रांती सर्वांना ठरवून द्यावी, चहाची सोय आवारातच करावी, आणि वरिष्ठांनी कामाचे बोलणे टपरीवर करू नये. याला खर्च जवळजवळ नाही.

दोन-तीन सिगारेटींनी काही होत नाही, या विधानाचे उत्तर लहान आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच आलेल्या विश्लेषणानुसार रोज एक सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. विसाव्या हिश्श्याएवढा तो मुळीच नाही. व्हेपबद्दल एवढेच, की २०१९ च्या कायद्याने त्याचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात देशभर बंद आहे, आणि बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असतेच.

लग्नानंतर सुटते, हे म्हणणे ऐकायला गोड आहे. तिशीपर्यंत सोडली तर आयुष्याचे बहुतेक नुकसान टळते, हे ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवून दिले, आणि ज्यांनी सुरुवात केली आहे त्यांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. अडचण सोडण्यातच आहे. निव्वळ मनाच्या निर्धारावर केलेल्या प्रयत्नांपैकी तीन ते पाच टक्केच सहा महिने ते वर्षभर टिकतात. एकदा ओढून पाहिलेल्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जण निदान काही काळ तरी रोज ओढू लागतात, असा २०१८ मधल्या एका एकत्रित विश्लेषणाचा अंदाज आहे. म्हणूनच पहिली सिगारेट टाळण्यावर इतका भर द्यावा लागतो.

उरते ते शेवटचे विधान, की कोणी लक्ष घालू नये. झाडाझडती घेणे, खिसे तपासणे, पोरांना चारचौघांत बोलणे याने मुले फक्त लपवायला शिकतात, हे खरे. पण लक्ष घालण्याचे तेवढे एकच रूप नाही. कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने मना आहे. पहिले वर्ष सुरू होण्याआधी प्राचार्य, पालक आणि सोसायट्यांनी महापालिका व पोलिसांकडे त्याचा पाठपुरावा करावा. घरात वडील बाल्कनीत ओढत असतील, तर सुरुवात त्यांनी स्वतः सोडण्यापासून करावी. नोकरीला लागलेल्या मुलाला ‘तू ओढतोस का’ असे विचारण्यापेक्षा ब्रेकमध्ये कोण-कोण असते, काय बोलणे होते हे विचारावे, आणि ‘मी घेत नाही’ एवढे म्हणून चहा पीत तिथेच उभे राहता येते, त्यापुढे कारणे द्यावी लागत नाहीत, हे त्याला सांगून ठेवावे.

ज्याची सुरुवात होऊन गेली आहे त्याला रागावण्याऐवजी मदत मिळवून द्यावी. समुपदेशन, आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगम किंवा औषध, यांनी यशाची शक्यता निश्चित वाढते. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा पाकिटावर छापलेली असते. सुटी घेणाऱ्यांच्या ती नजरेस पडत नाही, म्हणून तिचा क्रमांक इथे देतो : १८००-११-२३५६.