जामीन कोण?

बँकेत चौतीस वर्षं काउंटर सांभाळला, त्यामुळे पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या बायकांना घरखर्चाचं अंदाजपत्रक शिकवायला मीच योग्य, असं एका मित्राला वाटलं. मलाही वाटलं, हे जास्त वाईट. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांना जोडायला घेतले, तेव्हा गटाच्या बायका काउंटरवर आल्या की "जेवणानंतर या" म्हणणारा मीच.

समाजमंदिरात पंधराजणी बसल्या होत्या. मी फळ्यावर तीन रकाने आखले. गरजा ५० टक्के, हौस ३०, बचत २०.

"कशाचे टक्के?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"महिन्याच्या पगाराचे."

"माझ्या चार घरच्या धुण्याभांड्यांचे चार तारखांना येतात. ह्यांचे, सेंट्रिंगचं काम लागलं तर शनिवारी. पावसाळ्यात तेही नाही. कंचा महिना धरू?"

मी 'सरासरी' हा शब्द काढला. मागं कोणीतरी जांभई दिली.

"आन् नणंदेच्या पोरीच्या लग्नातला आहेर कुठं लिवायचा?"

"हौस," मी म्हणालो आणि तिथंच फसलो.

"हौस? माझ्या लग्नात तिनं पाचशे एक घातलेत, वहीत हाय! कर्ज हाय ते." दुसरी म्हणाली, कर्ज कसलं, बचत, आपल्या पोरीच्या लग्नात वाढून परत येतंय की. तिसरीच्या मते आहेर ही गरज, न घालता सासरी राहून दाखवा. अर्धा तास गेला. शेवटी आहेरासाठी मी चौथा रकाना आखला. पाचव्यात गहाण पडलेली पोत गेली, कारण ती घेताना बचत होती.

इज्जत वाचवायला सावकारावर आलो. "शेकडा दहा महिन्याला, म्हणजे वर्षाला १२० टक्के!"

"म्हाईतीय. म्हणून तर गट काढला. आमच्यात शेकडा दोन."

"तेही वर्षाला २४ होतात."

"व्हतात. पण ते आमच्याच पेटीत पडतात."

यावर मी पाणी प्यालो.

निघताना लक्षात आलं, पाकीट घरी आणि मोबाइल बंद पडलेला. रिक्षाला शंभर रुपये हवे होते. पेटी उघडली, वही निघाली, ठराव लिहिला गेला. रक्कम १००, व्याज शेकडा दोन, परतफेड दहा तारखेला, उशीर झाल्यास दंड दहा रुपये.

"जामीन कोण?" सचिवबाईंनी विचारलं.

कोणी हलेना. शेवटी आहेरवालीनं हात वर केला. "मी ऱ्हाते. पण सर, ह्ये हौसंत लिवायचं का गरजंत?"

आज अकरा तारीख. सकाळपासून तिचे दोन फोन येऊन गेलेत.