आम्हाला अत्यंत आनंद होत आहे

जनसंपर्क एजन्सीत इंटर्न म्हणून लागताय? मग पहिली गोष्ट वहीत लिहून घ्या: आनंद. तो तुम्हाला होण्याची अजिबात गरज नाही. आनंद क्लायंटला होतो. तुम्ही फक्त तो प्रेस नोटेत लिहायचा, तोही कमीत कमी तीन ओळींचा आणि अवतरणचिन्हांत.

मी तीन महिने हे काम केलं. तेवढ्यात पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या कार्यकारी संचालकांना आनंद झाला, एका विमा कंपनीच्या उपाध्यक्षांना अभिमान वाटला आणि एका संस्थेचे अध्यक्ष तर चक्क भारावून गेले. सगळं माझ्या टेबलावरून. यांतल्या एकालाही मी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या खेपेला भाबडेपणाने विचारलं होतं, "मॅडम, साहेबांची प्रतिक्रिया कधी मिळेल?" मॅडमनी स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "तू लिहिलीस की मिळेल."

तेव्हा विचारत बसू नका, लिहा. 'या नावीन्यपूर्ण उपक्रमाची घोषणा करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे. ग्राहकांप्रती असलेली आमची बांधिलकी यातून अधोरेखित होते.' हे वाक्य पंपाला चालतं, विम्याला चालतं आणि वेळ आली तर नोकरकपातीलाही चालतं. तिथे उपक्रमाला 'पुनर्रचना' म्हणायचं आणि आनंद जरा दाबायचा. 'नावीन्य'मधला 'वी' दीर्घ असतो असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. विसरा. क्लायंट 'नाविण्यपूर्ण' लिहितो. मी एकदा ते गुपचूप दुरुस्त करून पाठवलं, तर 'टायपो सुधारावा' असा लाल शेरा मारून परत आलं.

पत्रकारितेच्या वर्गात उलटा पिरॅमिड शिकवतात, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर. प्रेस नोटेत तो पुन्हा सुलटा करायचा. वर कंपनीचं नाव, त्याला 'अग्रगण्य' हे विशेषण (सगळ्याच कंपन्या अग्रगण्य असतात, मागून कोण चालतंय ते कुणालाच ठाऊक नाही), मग साहेबांचं लांबलचक पद, मग आनंद, आणि बातमी असलीच तर चौथ्या परिच्छेदात. तळाशी बॉयलरप्लेट, म्हणजे कंपनीची ती ठरावीक ओळख. ती कोणीही वाचत नाही, पण तिच्यातला एक स्वल्पविराम हलवायचा तर कायदा विभागाची मंजुरी लागते.

मंजुरीवरून आठवलं. पंपाच्या नोटेचा माझा पहिला मसुदा एका ओळीचा होता म्हटलं तरी चालेल: नवा पंप जुन्यापेक्षा कमी वीज खातो. मला वाटलं, ही बातमी आहे. मसुदा क्लायंटकडे गेला. मार्केटिंगने 'क्रांतिकारी' घातलं. उत्पादनवाल्यांनी पंपाचा 'पंप' असा एकेरी उल्लेख खपवून न घेता त्याला 'जलव्यवस्थापन सोल्यूशन' केलं. कायदा विभागाने 'कमी वीज खातो' हे कापलं, कारण तो दावा होतो आणि दावा सिद्ध करावा लागतो. क्रांतीला कुणी पुरावा मागत नाही, ती राहिली. फाइलींची नावं तेवढ्यात 'फायनल', 'फायनल२', 'फायनल_खरंच' आणि 'फायनल_साहेब_ओके' अशी मजल दरमजल करत निघाली होती. अकराव्या मसुद्यात क्रांती होती, बांधिलकी होती, साहेबांचा आनंद दोन ओळींनी वाढला होता. वीज गेलेली होती.

मग ती नोट पाठवायची. त्यासाठी एजन्सीकडे 'मीडिया लिस्ट' नावाचा ठेवा असतो. आमच्या यादीतले निम्मे बातमीदार केव्हाच दुसरीकडे गेले होते, दोघे पत्रकारिता सोडून जनसंपर्कात आले होते (म्हणजे तेही कुणाला तरी पाठवत होते), आणि एक गृहस्थ वारले होते. पण त्यांच्या पत्त्यावर टाकलेला मेल परत येत नसल्यामुळे त्यांना यादीतून काढायचं मॅडमना कारण दिसेना.

मेल पाठवताना नावं सीसीमध्ये टाका, बीसीसीमध्ये नको. मी अशीच टाकली होती. एकशेचाळीस बातमीदारांना एकमेकांचे पत्ते मिळाले. पाच मिनिटांत एकाने सगळ्यांना उत्तर धाडलं: 'मला या यादीतून काढा.' मग 'मलाही'. मग 'कृपया रिप्लाय ऑल करू नका', हेही रिप्लाय ऑल करूनच. बाराव्या मेलपर्यंत माझे हात गार पडले होते. पण आठवड्याच्या अहवालात ती घटना 'माध्यमांकडून उत्स्फूर्त प्रतिसाद' या सदरात गेली, आणि तो सबंध तीन महिन्यांतला आमचा सर्वोच्च प्रतिसाद ठरला. एम्बार्गोचंही असंच. एम्बार्गो म्हणजे बातमी आधी द्यायची आणि अमुक वेळेपर्यंत छापू नका म्हणून बजावायचं. पंपावर आम्ही एम्बार्गो टाकला होता. तो आजतागायत कुणी मोडलेला नाही.

खरी कसोटी फोनची. वेळ संध्याकाळची निवडा, पानं छपाईला सोडायची घाई असते तेव्हाची. बातमीदार जागेवर हमखास सापडतो.

"नमस्कार सर, मेल मिळाला का, एवढंच विचारायचं होतं."

"कुठला मेल?"

"पंपाचा सर. म्हणजे, जलव्यवस्थापन सोल्यूशनचा."

"त्यात नवीन काय आहे?"

इथे मी गप्प झाले. नवीन होतं ते कायदा विभागाने कापलं होतं.

"बरं, मेल टाकून ठेवा, बघतो."

"टाकलाय सर."

"मग परत टाका."

हा संवाद मी एका संध्याकाळी बावीस वेळा केला. मॅडमनी विचारलं, "काय म्हणाले?" म्हटलं, "बघतो म्हणाले." त्यांनी माझ्यासमोर तक्त्यात भरलं: 'प्रतिसाद सकारात्मक, प्रसिद्धीची दाट शक्यता.' बघतो म्हणणाऱ्या माणसाला एवढ्या आशेने मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

एक मात्र पाळा: या धंद्याचा इतिहास वाचू नका. मी वाचला आणि दोन दिवस काम सुचलं नाही. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा मोठा अपघात झाला, डबे पुलावरून पाण्यात पडले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. आयव्ही ली नावाचा गृहस्थ रेल्वेच्या प्रसिद्धीचं काम बघत होता. अपघात दडपायची तेव्हा रीत होती. त्याने उलट कंपनीला बोलायला लावलं, काय घडलं ते लिहून वार्ताहरांना दिलं आणि त्यांना घटनास्थळी नेण्याची सोयही केली. पहिली प्रेस नोट म्हणून त्याच निवेदनाकडे बोट दाखवतात. त्याच वर्षी त्याने संपादकांना कळवलं होतं की आमचं सगळं काम उघड्यावर चालतं. त्या नोटेत कुणाला आनंद झालेला नव्हता, हे लक्षात आल्यावर मला आमच्या अकराव्या मसुद्याकडे बघवेना.

सुदैवाने पुढे एडवर्ड बर्नेज भेटतात आणि जीव भांड्यात पडतो. हे मनोविश्लेषणवाल्या सिग्मंड फ्रॉइडचे भाचे. पहिल्या महायुद्धात 'प्रोपगंडा' हा शब्द बदनाम झाला, तेव्हा त्यांनी आपल्या कामाला जनसंपर्क सल्लागाराचं नाव दिलं. दुकान तेच, पाटी नवी. १९२९ साली सिगारेट कंपनीसाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना भर रस्त्यात सिगारेटी पेटवायला लावल्या आणि त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटलं. छायाचित्रकार बोलावलेलेच होते. स्त्रियांना हक्क मिळाला, कंपनीला गिऱ्हाईक. उतारवयात हेच बर्नेज धूम्रपानाच्या विरोधात बोलू लागले. आमच्या एजन्सीच्या भिंतीवर कुणा महापुरुषाची तसबीर लावायची झालीच तर कुणाची लागेल, हे मी सांगायला नको.

असो. महिनाअखेरीस कव्हरेज मोजायचं असतं, आणि या कामासाठी तुम्हाला पदवीबरोबर एक फूटपट्टी लागेल. कात्रण पुढ्यात घ्यायचं, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, कॉलमांनी गुणायचं, त्याला त्या वर्तमानपत्राच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं. म्हणजे एवढीच जागा विकत घेतली असती तर किती पैसे पडले असते, ते आपण क्लायंटचे वाचवले. मग त्या आकड्याला तीनने गुणायचं. तीन का? बातमीवर लोकांचा जाहिरातीपेक्षा तिप्पट विश्वास असतो म्हणून. हे कुणी मोजलं? विचारू नका, पट्टी सरळ धरा.

पंपाचं एकच कात्रण आलं होतं. बातमी प्रतिस्पर्धी कंपनीची होती, तीन कॉलमांची, फोटोसकट. शेवटच्या वाक्यात 'अन्य काही कंपन्याही या क्षेत्रात आहेत' असं म्हणून आमच्या क्लायंटचं नाव कंसात होतं. मी प्रामाणिकपणे कंस मोजायला घेतला. मॅडमनी माझ्या हातातून पट्टी घेतली आणि मथळ्यापासून तळापर्यंत पूर्ण बातमी मोजली, फोटोसुद्धा. प्रतिस्पर्ध्याचे साहेब फोटोत हसत होते. त्यांचं हसूही आमच्याच खात्यात जमा झालं, गुणिले तीन.

या हिशेबाला एव्हीई म्हणतात, म्हणजे बातमीची जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या मोजमापवाल्यांची परिषद भरली आणि तिथे ठरलं की जाहिरातीचा दर म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. मी हे शोधून काढलं आणि मोठ्या उत्साहाने मॅडमना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बार्सिलोना आपला क्लायंट आहे का?"

संकटकाळाचं शिक्षणही तुम्हाला मिळेल. अभ्यासक्रमात १९८२ सालचं टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं उदाहरण असतंच: शिकागो परिसरात गोळ्यांत कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण दगावले, आणि कंपनीने बाजारातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. परीक्षेत यावर दहा गुण मिळतात. प्रत्यक्षात आमच्या विमावाल्या क्लायंटवर लोक समाजमाध्यमांत तुटून पडले तेव्हा पहिला दीड तास पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधण्यात गेला आणि पुढचे चार तास 'दिलगीर आहोत' लिहायचं की 'गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत' यावर. 'असल्यास' जिंकलं. हा शब्द जपून ठेवा. ज्याच्यामुळे गैरसोय झाली त्यालाच ती झाली की नाही याची शंका घेता येते, अशी सोय दुसऱ्या कुठल्या शब्दात नाही.

आणि कधी वाटलं की आपण लिहिलेली ही गुळगुळीत वाक्यं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, तर २०१० सालीच मेक्सिकोच्या आखातात झालेली तेलगळती आठवा. विहिरीवरच्या स्फोटात अकरा कामगार मेले होते, समुद्रात तेल वाहत होतं, आणि बीपी या तेल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले की मला माझं आयुष्य परत हवंय. ते वाक्य जगाच्या लक्षात राहिलं. कुठल्याही इंटर्नने ते लिहिलेलं नव्हतं. साहेब लोक मनापासून बोलले की काय होतं ते कळल्यापासून मी आनंद जास्त काळजीपूर्वक लिहू लागले.

शेवटच्या दिवशी अनुभवाचं प्रमाणपत्र मागायला गेले. मॅडम म्हणाल्या, "तूच ड्राफ्ट कर, सर सही करतील." आता सवय झाली होती. आधीच्या इंटर्नची फाइल उघडली, तारखा बदलल्या आणि लिहिलं: 'त्यांच्यासारख्या जिज्ञासू व मेहनती सहकाऱ्याबरोबर काम करताना आम्हाला अत्यंत आनंद झाला.' पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलेला आनंद, तोही माझ्याच हातचा. सरांनी न वाचता सही केली. तीन महिन्यांत माझ्यावर कुणी एवढा विश्वास दाखवला नव्हता.

घरी येऊन नीट वाचलं. वर माझं नाव होतं, शेवटच्या परिच्छेदात मात्र आधीच्या इंटर्नचंच राहून गेलं होतं. भावी आयुष्यासाठीच्या सगळ्या शुभेच्छा त्याला.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. नव्या मुलीने उचलला, आवाजात पहिल्या आठवड्याचा उत्साह होता. सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"हरकत नाही मॅडम, मेल टाकून ठेवा, बघते."

"टाकलाय."

"मग परत टाका."