फाइल येते, नाव येत नाही

पतसंस्थेच्या व्यवस्थापकांची मागणी एका वाक्याची होती: सभासदानं बटण दाबलं की खातेउतारा मोबाइलवर उतरला पाहिजे. ‘यात काय एवढं?’ हे शेपूट त्या वाक्याला होतंच. असं शेपूट असलेल्या कामाचे दुप्पट पैसे लावावेत, असं माझं ठाम मत आहे. पण तोवर कोटेशन गेलेलं असतं.

गंमत अशी, की उतारा नावाची फाइल सर्व्हरवर कुठेच पडलेली नसते. दुव्याच्या पत्त्यावर राहतो तो जावातला एक सर्व्हलेट, म्हणजे मागणी आली की उत्तर तयार करून देणारा सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम. बटण दाबलं की तो डेटाबेसकडे पळतो, नोंदी आणतो, पीडीएफ रचतो आणि बाइट मोजून ब्राउझरच्या हवाली करतो. ब्राउझर विचारतो, नाव काय? सर्व्हलेट गप्प राहिला, तर बारशाला आत्या नसल्यासारखं होतं. ब्राउझर पत्त्याचा शेवटचा तुकडा उचलतो आणि तेच नाव ठेवून मोकळा. तालुक्यातल्या तमाम सभासदांची आयुष्यभराची कमाई ‘डाउनलोड डॉट डू’ या एकाच नावानं उतरू लागली.

नाव सांगायची सोय आहे. फाइलच्या आधी ब्राउझरला जी माहितीची चिठ्ठी जाते, तिच्यातल्या ओळींना हेडर म्हणतात. त्यांतल्या ‘कन्टेन्ट-डिस्पोझिशन’ या हेडरमध्ये ‘अटॅचमेंट’ लिहायचं, पुढे ‘फाइलनेम’. मी लिहिलं, ‘खातेउतारा मार्चअखेर’. पण हेडर वाढले रोमन लिपीच्या घरात. देवनागरी तिथून धड बाहेर पडेल याची हमी नाही. व्यवस्थापकांचा फोन आला, “सर, फाइल येते, नाव येत नाही. रिकाम्या जागा भरा असं काहीतरी दिसतंय.”

मग अशी अक्षरं रोमन चिन्हांत लिहून देणारा जावाचा ‘यूआरएल-एन्कोडर’ मदतीला घेतला. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट ३ अक्षरांत लिहायचा. काना-मात्रा वेगळ्या मोजतात, म्हणून ‘खातेउतारा’ ९ चिन्हांचा आणि लिहून झाला की ८१ अक्षरांचा. मुद्दलापेक्षा टक्केच जास्त, पतसंस्थेला शोभेल असं. शिवाय हा एन्कोडर मुळात वेब-फॉर्मसाठी घडवलेला, त्यामुळे मोकळी जागा दिसली की तिथे अधिकचं चिन्ह ठोकतो. “सर, ‘खातेउतारा अधिक मार्चअखेर’, ही बेरीज आम्ही करायची का?” अधिकाच्या जागी टक्का-वीस, ही मोकळ्या जागेची खूण, घातली.

खरा इलाज आरएफसी ५९८७ या इंटरनेटच्या नियमांच्या २०१० सालच्या कागदात आला; २०१७ पासून त्याची जागा आरएफसी ८१८७ नं घेतली आहे. ‘फाइलनेम’पुढे एक तारा, मग यूटीएफ-८, मग लागोपाठ दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि मग ते टक्क्यांनी भरलेलं प्रकरण. त्या दोन चिन्हांच्या मधे भाषेची जागा असते. रिकामी सोडली तरी चालते, आणि बहुतेक जण सोडतात. मी ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र बरं वाटलं.

नाव सुटलं तोवर पत्ता भोवला. दुव्याची रचना आम्हाला वारशात मिळालेली, शेवटी खाते क्रमांक उघडा. एका निवृत्त गुरुजींनी त्यात एक मिळवून पाहिला, तर शेजाऱ्याची मुदत ठेव समोर. वार्षिक सभेत ते सुरक्षिततेवर तळमळीनं बोलले, पण आधी रक्कम सांगून.

म्हणून खातं त्याच सभासदाचं आहे ना, हे सर्व्हलेट तपासू लागला. ईमेलनं जाणाऱ्या दुव्याला सही, मुदत आणि ‘एकदाच चालेल’ ही अट घातली. पण काही मेलपेट्यांचे राखणदार विषाणू शोधायला दुवा स्वतःच आधी उघडून बघतात. उतारा वाचला राखणदारानं, सभासदाला ‘मुदत संपली’. आता दुव्यावर आधी एक पान येतं आणि त्यावरचं बटण दाबलं तरच दुवा खर्ची पडतो.

सगळं सुरळीत झाल्यावर व्यवस्थापकांचा फोन आला.

“सर, नाव एकदम झकास येतंय. पण लोकांना मोबाइलात मराठी टाइप करून फाइल शोधता येत नाही. ‘स्टेटमेंट’ करून टाका, इंग्रजीत.”

“बरं.”

“अध्यक्षसाहेबांच्या फाइलला मात्र मराठीच राहू दे. त्यांनी भाषणात सांगितलंय.”