वयाचा आकडा राहू द्या, मधलं पान वाचून बघू द्या

८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी निवडताना मुखपृष्ठावर छापलेला वयोगट बघा, असा सल्ला एका लेखात वाचला. तो आकडा फार तर कपाट शोधायला उपयोगी. एकाच वर्गातल्या मुलांच्या वाचनात दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. त्यापेक्षा पुस्तक मधूनच उघडा आणि साधारण १०० शब्दांचा मजकूर मुलाला वाचू द्या. पाचाहून जास्त शब्द अडले तर एकट्यानं वाचायला ते जड. पण लगेच परत ठेवू नका. या वयात ऐकून समजणं बहुतेकदा वाचून समजण्याच्या पुढे असतं, म्हणून पहिली दोन-तीन प्रकरणं तुम्ही मोठ्यानं वाचा. पात्रांची नावं आणि नाती डोक्यात बसली की पुढचं मूल स्वतः ओढून नेतं.

मग सुरुवात तपासा. पहिल्या दहा पानांत कोणाला तरी काहीतरी हवंय आणि ते मिळत नाहीये, हे दिसायला हवं. तिथे नुसती वर्णनं चालली असतील तर पुस्तक तिसऱ्या दिवशी उशाखाली जातं. नायक वाचकापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा असलेला चालतो. लहान असला तर 'हे बाळांचं आहे' असा शिक्का बसलाच. आणि पेच मुलांनीच सोडवायला हवा. शेवटी कोणी काका येऊन सगळं निस्तरणार असतील तर मजा काय राहिली?

मालिका वाचणाऱ्याला अडवू नका, ओळखीच्या पात्रांमुळे वेग वाढतो. वाचून झाल्यावर 'तात्पर्य काय?' हे मात्र कृपया नको. विचारायचंच तर कुठे कंटाळा आला ते विचारा. पुढचं पुस्तक निवडायला ते उत्तर जास्त कामाचं.