स्वतःबद्दल उगाच बरं वाटतंय? हे करून बघा

सकाळी उठलात आणि कारण नसताना बरं वाटतंय? कालचा पेपर ठीक गेला, मेसची पोळी चक्क मऊ होती, आरशातलं तोंडही चालण्यासारखं दिसलं? घाबरू नका, उपाय उशीखालीच आहे. फक्त तोंड धुवायच्या आधी इन्स्टा उघडायचं, धुतलं की जरा हुशारी येते आणि मग हवा तसा परिणाम होत नाही.

आधी दहावीच्या बॅचमधली ती शोधा जी सध्या मनालीत आहे. तो एक फोटो यायला तिने किती काढले आणि ट्रिपचे पैसे तिचे बाबा कुठून भरतायत असले विचार मनात आणायचे नाहीत, तिचा सगळ्यात भारी रविवार घ्यायचा आणि आपल्या सगळ्यात भंगार मंगळवाराशेजारी ठेवायचा, झालं.

मग सेल्फी. फोन एक फुटावरच धरा हं, लांब नको. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला होता की पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा एक फुटावरच्या सेल्फीत नाक साधारण 30 टक्के रुंद दिसतं. म्हणजे खेळ अंतराचा आहे, नाक बिचारं आहे तेवढंच आहे. पण आपण शिव्या नाकालाच घालायच्या, जमल्यास ज्या आजोबांकडून आलं त्यांनाही. आता फिल्टर लावा. गाल आत, डोळे मोठे, रंग दोन शेड उजळ (उजळ कर असं कोणी म्हटलं होतं? पण फिल्टर म्हणजे स्थळं आणणारी मावशी, न सांगताच कळतं तिला). पोट भरून बघा आणि फिल्टर काढून लगेच परत बघा. इथे घाई करू नका, सगळी मजा इथेच आहे.

मुलांनो, तुम्हाला जॉलाइन आहे, सिक्स पॅक आहेत, शिवाय अभ्यासिकेतल्या पोराची '14 तास स्टडी' रील आहे. ती एडिट करायला किती तास गेले ते विचारू नका.

लाइक लपवायचं सेटिंग 2021 पासून आहे, चुकूनही वापरू नका. त्याच वर्षी इन्स्टाची मालकीण असलेल्या फेसबुकचे आतले कागद बाहेर आले, त्यात त्यांच्याच लोकांनी लिहिलं होतं की दर तीन टीनएज मुलींमागे एकीचा शरीराबद्दलचा त्रास आपण वाढवतो. एवढी मोठी कंपनी तुमच्यासाठी राबतेय, थोडी साथ द्या की.

माझी रूममेट बघा, मन लावून करते. परवा नऊ दहाला फोटो टाकला, साडेनऊपर्यंत 23 लाइक, आणि खाली आत्याची एकुलती एक कमेंट, 'छान दिसतेस बाळा, जेवलीस का'. नऊ चाळीसला डिलीट. पावणेदहाला आत्याचा फोन, "अगं फोटो दिसेना झालाय, माझ्याकडून काही दाबलं गेलं का गं?"