युनियनला म्हणे 51 टक्के सह्या लागतात!

सध्या मुंबईतल्या हॉटेलांच्या स्टाफ-ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. "हॉटेल बंधू-भगिनींनो, युनियनच्या नादी लागण्याआधी हे वाचा." खाली सहा मुद्दे. नव्या कायद्यात 51 टक्के सह्यांशिवाय युनियन बेकायदा. युनियन आली की टिप आणि सर्व्हिस चार्ज बंद, उरलेल्यावर टॅक्स. कॉन्ट्रॅक्टवाले आणि ट्रेनी सही करू शकत नाहीत. नेते पगाराच्या दहा टक्के कमिशन खातात. सामूहिक रजा घेतली तर आठ दिवसांचा पगार जातो. आणि शेवटी नेहमीचंच, गिरण्यांचं काय झालं ते आठवा. पाठवणाऱ्याचं नाव अर्थातच नाही. आमच्या नात्यातला एक पोरगा हाउसकीपिंगला आहे, त्याने हे वाचून युनियनचा भरलेला फॉर्म परत मागितला. म्हणून हा खटाटोप.

आधी 51 टक्के. युनियनची नोंदणी आणि वाटाघाटीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी इथे एकात एक कालवल्यात. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या आणि 1926 चा ट्रेड युनियन कायदा औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला, इथवर खरं. पण नोंदणीची अट जवळजवळ तीच राहिली. अर्जावर किमान सात जणांच्या सह्या, आणि सभासद एकूण कामगारांच्या 10 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढे, मात्र सातपेक्षा कमी नाहीत. म्हणजे 300 कामगारांच्या हॉटेलात 30 पुरतात. 1,500 च्या हॉटेलात 100. साठ जणांच्या लॉजिंग-बोर्डिंगमध्ये दहा टक्के सहाच होतात, म्हणून तिथे सात. जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या युनियन आपोआप बाद झाल्या, असंही त्यात सुचवलंय. संहितेतच लिहिलंय की त्यांची नोंदणी चालू मानायची.

मग 51 कुठून आले? एकाच हॉटेलात दोन-तीन युनियन असतील तर मालकाने करार कुणाशी करायचा, त्याचा तो नियम आहे. ज्या युनियनकडे मस्टरवरचे 51 टक्के किंवा जास्त, ती एकटी बोलणी करणार. कुणाकडेच तेवढे नसतील तर वाटाघाटी परिषद बनते आणि 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी बसतो. हॉटेलात युनियन एकच असेल तर मालकाने नियमांतल्या अटी बघून तिलाच मान्यता द्यायची आहे. आधी युनियन जन्माला येते, मग ती मोठी होते. मेसेजवाल्याला बाळ जन्मण्याआधीच दहावी पास झालेलं हवंय.

या थापेचा तोटा नुसता गैरसमजापुरता राहत नाही. 51 टक्के जमवायचेत म्हटल्यावर पोरं उतावीळ होतात. लॉकर रूममध्ये एकच फुलस्केप कागद फिरवतात, वर "युनियनला पाठिंबा", खाली चाळीस सह्या. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो एचआरच्या मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच नावांची बदली, कुणाला नाइट शिफ्ट, कुणाला लॉन्ड्रीच्या बेसमेंटला. शिवाय तो कागद युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे फारसा उपयोगी नसतो, कारण सही करणारा नेमक्या कुठल्या युनियनचा सभासद झाला तेच त्यावर नसतं.

फॉर्म माणशी वेगळा घ्यायचा. आधार आणि पीएफमध्ये आहे तसंच नाव, एम्प्लॉयी कोड, हॉटेलातला विभाग, तारीख, सही आणि वर्गणीची पावती. सर्वसाधारण सभा हॉटेलच्या बाहेर, ड्यूटी संपल्यावर. तिथे युनियनची घटना, म्हणजे नियमावली, वाचून मंजूर करायची, पदाधिकारी निवडायचे, सात अर्जदारांना अधिकार देणारा ठराव करायचा आणि इतिवृत्तावर सह्या घ्यायच्या. सर्वांत जास्त अडकतं ते घटनेत. वर्गणी किती, हिशेब कोण तपासणार, पदाधिकारी कसा काढायचा, युनियन विसर्जित कशी करायची, यातलं एखादं कलम नसलं की अर्ज त्रुटी काढून परत येतो. बाहेरचे पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यातला कमी आकडा असेल तेवढेच. बाकी सगळे हॉटेलात काम करणारेच हवेत.

आणि युनियनमध्ये गेला म्हणून धमकावणं, काढणं, "युनियन केलीत तर हॉटेल बंद करीन" म्हणणं, सह्या चालू असतानाच आमिष म्हणून पगार वाढवणं, हे सगळं संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टात अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. तो मेसेज एखाद्या मॅनेजरच्या नंबरवरून आला असेल तर स्क्रीनशॉट जपून ठेवा, तारीख दिसेल असा.

आता टिप. मेसेजमधलं वाक्य असं: "आज टिप आणि सर्व्हिस चार्ज धरून तुम्हाला किमान वेतनापेक्षा जास्त मिळतं, युनियन आली की टिप पगारात धरतील आणि टॅक्स कापतील." एका वाक्यात तीन चुका करायलाही कसब लागतं.

कार्डाने दिलेली टिप हॉटेलच्या खात्यात जमा होते आणि तिथून स्टाफला वाटली जाते. तो पगार धरून हॉटेलने आयकर कापायचा का, हा वाद आयटीसी या हॉटेलवाल्या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल 2016 मध्ये निकाल लागला. टिप देतो गिऱ्हाईक, मालक नाही. ती मालकाच्या खात्यातून गेली तरी तो ती स्टाफच्या वतीने, विश्वस्त म्हणून सांभाळतो. म्हणून ती पगार नाही आणि पगार म्हणून त्यावर टीडीएस कापायचा नाही. निकाल आयकराचा आहे, वेतनाचा नाही, हे मान्य. पण त्यातला तर्क सरळ आहे. जे पैसे मालकाने दिलेच नाहीत ते "आम्ही किमान वेतन देतो" म्हणताना त्याने कुठल्या तोंडाने मोजायचे? महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांचं किमान वेतन वेगळं अधिसूचित आहे, त्यावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, आणि ही दोन्हींची बेरीज मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची आहे. टॅक्सचं अर्धसत्य एवढंच की टिप हे तुमचं उत्पन्न आहे आणि विवरणपत्रात ते तुम्हीच दाखवायचं. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य येतो, तेव्हा स्टीवर्डने त्यासाठी झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

शिवाय टिप मिळते कुणाला? कॅप्टनला, स्टीवर्डला, बेल डेस्कला. दिवसाला चौदा-सोळा खोल्या करणाऱ्या रूम अटेंडंटला एखाद्या उशीखाली शंभराची नोट सापडते, बाकी दिवस कोरडे. किचन स्टुअर्डिंगचा माणूस बेसमेंटला गमबूट घालून कढया घासतो. डिशवॉशरचा दरवाजा वर गेला की वाफ थेट तोंडावर, पायाखाली तेलकट पाणी. गिऱ्हाइकाचं तोंड त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं नसतं. "टिप धरून" हा हिशेब त्याला ऐकवून बघा. युनियनच्या मागण्यांत टिप पूलचा, म्हणजे एकत्र जमलेल्या टिपेच्या वाटणीचा, तक्ता असायलाच हवा. कुठल्या आउटलेटला कार्डावर महिन्यात किती टिप आली, बँकेचं शुल्क त्यातून कापलं का, वाटणीत किचन आणि हाउसकीपिंगला किती, हे दर महिन्याला स्टाफ कॅफेटेरियाच्या बोर्डावर लागलं पाहिजे.

सर्व्हिस चार्जचा तर युनियनशी संबंधच नाही. बिलात तो आपोआप लावायचा नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला काढली. हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध केलेल्या याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला फेटाळल्या. तेव्हा सर्व्हिस चार्जवर पगार उभा असेल तर तो डगमगतोच आहे. म्हणून तर ती रक्कम मूळ वेतनात आणायची मागणी करायची. वाढ कुठे पडते याला फार महत्त्व आहे. तीन हजारांची वाढ मूळ वेतनात आली तर मालकाचा पीएफ (तो पूर्ण मूळ वेतनावर भरत असेल तर) 12 टक्क्यांनी महिना 360 रुपये वाढतो, आणि दहा वर्षं काम केलेल्याच्या ग्रॅच्युइटीत (15 भागिले 26 च्या सूत्राने) साधारण 17,300 रुपयांची भर पडते. तीच वाढ घरभाडे भत्त्यात टाकली तर वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या आत असेपर्यंत यातलं काही मिळत नाही. हातात पडणारा आकडा पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी स्लिपवरचं शीर्षक वाचावं.

कॉन्ट्रॅक्टवाले सही करू शकत नाहीत, हे साफ खोटं. कंत्राटी कामगारही कामगारच आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, मग मालक ठेकेदाराकडून वसूल करो न करो. इंडस्ट्रियल ट्रेनी आणि अप्रेंटिस यांच्याबाबत मात्र मेसेजवाला बराचसा बरोबर आहे. अप्रेंटिस कायद्याने कामगार ठरत नाही, त्याची सही गृहीत धरली तर मोजणीत नाव उडतं. आणखी एक खुबी मेसेजमध्ये नाही पण एचआरकडे आहे. कार्डावर "असोसिएट" किंवा "एक्झिक्युटिव्ह" छापलं की माणूस कामगार उरत नाही, असं ते सांगतात. पद काय छापलंय ते बघत नाहीत, काम काय करतो ते बघतात. बेडशीट बदलणारा एक्झिक्युटिव्ह कामगारच. खरोखर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरला 18,000 रुपयांची मर्यादा लागते खरी, पण ती संहितेच्या बाकी प्रकरणांसाठी; युनियनच्या प्रकरणात धंद्यात नोकरीला असलेले सगळेच कामगार धरले जातात.

दहा टक्के कमिशन? वर्गणी घटनेत लिहिलेली असते आणि सभासदच ती ठरवतात. करार झाल्यावर थकबाकीतून एकरकमी "युनियन फंड" कापण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आणि त्यात हात मारणारे पुढारीही आहेत. त्यावर उपाय म्हणजे पावती मागणं आणि वार्षिक हिशेब सभेत वाचायला लावणं.

गिरण्यांवर फार वेळ घालवत नाही. 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर कापडाचं काम भिवंडीच्या यंत्रमागांवर नेता आलं. समुद्रासमोरची खोली कुणी भिवंडीला नेऊन दाखवावी.

राहिला आठ दिवसांचा पगार. यात तथ्य आहे, आणि ते नीट समजून घ्या. दहा किंवा जास्त जण ठरवून, नोटीस न देता, कारणाशिवाय गैरहजर राहिले तर वेतन संहितेनुसार आठ दिवसांपर्यंतचं वेतन कापता येतं. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी सामूहिक किरकोळ रजा टाकली तर तो संपच धरला जातो, आणि संपाला 14 दिवसांची आगाऊ नोटीस लागते. समेटाची बोलणी सुरू असताना तर संप करताच येत नाही. तेव्हा बँक्वेटला आठशे पानांचं लग्न आहे त्या दिवशी सगळ्यांनी "सिक" मारून मॅनेजरला धडा शिकवायचा, ही कल्पना डोक्यातून काढून टाका. नोटीस लेखी द्या, मागणीपत्राची प्रत जोडा, कामगार आयुक्तालयात एक प्रत पोचवा आणि दोन्हीकडून शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.