‘इवल्याशा पिल्लांनी कसली धाप लागते?’ लागते, आणि का ते सांगते

कोंबडीच्या पिल्लांबद्दल एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. ‘दमा असला तरी पिल्लं खुशाल घरात वाढवा. एवढ्याशा जिवांची धूळ ती किती! वास येत नाही म्हणजे हवा चांगली. फार तर एअर प्युरिफायर लावा. उलट धुळीची सवय झाली की दमा कमीच होतो. त्रास झालाच तर लगेच कळेल, तेव्हा हलवा बाहेर.’ मला लहानपणापासून दमा आहे आणि मी बारा पिल्लं झोपायच्या खोलीत वाढवली आहेत. हे वाचून कोणी तेच करू नये, म्हणून लिहितेय.

‘धूळ ती किती!’ खरी गफलत इथेच आहे. पिल्लू लहान असतं, पण पहिल्या पाच-सहा आठवड्यांत ते अंगावरची लव टाकून पिसं धरतं. नवं पीस नळीसारख्या पातळ आवरणात उगवतं. पिल्लू चोचीने ते आवरण फोडतं आणि त्याचा पिठासारखा कोंडा उडतो. शिवाय खाद्याचा चुरा, खालचा भुसा, वाळलेली विष्ठा, आणि हे सगळं दिवसभर पायांनी उकरणं. तिसऱ्या आठवड्यात मी कपाटाच्या काळ्या दारावर बोट फिरवलं तर रेघ उमटली आणि बोटाला पांढरं पीठ लागलं. कपाट पिल्लांच्या खोक्यापासून चांगलं लांब होतं, आणि आदल्याच दिवशी पुसलेलं. बरं, जी धूळ दिसते ती त्यातल्या त्यात बरी. 2.5 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण दिसत नाहीत आणि फुफ्फुसात थेट खोलवर जातात. त्यात पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, म्हणून आपण खिडक्याही लावून घेतो. मीही घेतल्या होत्या.

‘वास येत नाही.’ तुम्हाला येत नाही! विष्ठेतल्या युरिक अ‍ॅसिडपासून जिवाणू अमोनिया तयार करतात, ओल आणि ऊब असली की भराभर. पण त्याच खोलीत वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. माझी बहीण दारातच थबकली आणि नाकाला पदर लावला. मला मात्र काहीच जाणवत नव्हतं. श्वासनलिका नाकासारख्या सरावत नाहीत, त्या चिडतच राहतात.

प्युरिफायरचा उपयोग होतो, पण मर्यादित. त्यातला हेपा फिल्टर बारीक कण अडवतो, अमोनिया नाही. आणि भुसा बदलताना आपण खोक्यात वाकलेलो असतो, तेव्हा सगळ्यात जास्त धूळ फिल्टरआधी आपल्या नाकात जाते. ते काम दमा नसलेल्या माणसाने करावं. एन-95 मास्कचंही तसंच: धूळ रोखतो, वायू नाही.

सवयीचा मुद्दा अर्धवट वाचनातून आलाय. 2016 मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी ख्रिस्ती समाजांतल्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पारंपरिक शेतीत, गोठ्याच्या धुळीत वाढणाऱ्या आमिश मुलांमध्ये यंत्रांनी शेती करणाऱ्या हटराइटांच्या मुलांपेक्षा दमा कमी आढळला. ती मुलं जन्मापासून त्या हवेत होती. आधीच दमा असलेल्या मोठ्या माणसाने खोलीत पिल्लं ठेवली की तो बरा होतो, असं त्यातून निघत नाही.

‘लगेच कळेल’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. पक्ष्यांच्या पिसांतल्या आणि विष्ठेतल्या प्रथिनांमुळे काहींच्या फुफ्फुसांना सूज येते. त्याचा ताप, खोकला आणि धाप बहुतेकदा संपर्कानंतर चार ते आठ तासांनी सुरू होते. सकाळी भुसा बदलला आणि संध्याकाळी कणकण आली, तर कोणाला पिल्लं आठवतील? आपण म्हणतो, सर्दी झाली. हे महिनोन्महिने चाललं तर फुफ्फुसांत कायमचे व्रण राहू शकतात.

पिल्लं पाळूच नका असं माझं म्हणणं नाही. राहत्या घराबाहेर, हवा खेळती असलेल्या पण झोत न येणाऱ्या शेडमध्ये ऊब देऊन ती छान वाढतात. आणि डॉक्टरकडे खोकला घेऊन जाल तेव्हा घरात पिल्लं आहेत हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. मी तीन आठवडे सांगितलं नव्हतं.